वारा आधी वहीत

[दृश्य: चाळकेवाडीचं पठार, सकाळ. पवनचक्क्यांची रांग.]

सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या पुढे चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. इथं पवनचक्क्या आल्या त्या वाऱ्यासाठी. आज नेमबाजी शिकणारी चार पोरं आणि त्यांचे उस्ताद आलेत तेही वाऱ्यासाठीच. रायफल कुणाकडेच नाही. जवळ आहे एक वही, हातात मावणारं वारा मोजायचं यंत्र आणि तिवईवर दुर्बीण.

उस्ताद माजी सैनिक. साताऱ्यात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. याच जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडूनच म्हणतात.

“वारं कुठनं येतंय?” पोरं पवनचक्कीकडे बघतात. दिशा बरोबर मिळते, कारण चक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळलेलं असतं. वेगाला मात्र ती उपयोगाची नाही. पाती फिरतात उंचावरच्या वाऱ्यावर. जमिनीलगतचा वारा गवताला, दगडाला घासून मंदावलेला असतो, आणि गोळी त्यातूनच जायची असते.

[दृश्य: गवत, झुडपं, मग वहीचं पान.]

तोंडाला वारा लागला, पानं सळसळली, तर ताशी ६ ते ११ किलोमीटर. बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या, तर १२ ते १९. धूळ उठली की २०च्या वर. अंदाज आधी लिहायचा, यंत्र नंतर बघायचं. हा क्रम उस्ताद मोडू देत नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या शिकवणीतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. आकडा आधी दिसला की नजर आळशी होते.

मग दिशेचं घड्याळ. लक्ष्य बाराच्या काट्यावर. तीन किंवा नऊकडून येणाऱ्या वाऱ्याचा आडवा जोर पुरा धरायचा, एककडून येणाऱ्याचा निम्मा. दीडच्या दिशेचा, म्हणजे ४५ अंशांतला, पोरं हमखास निम्मा धरतात. तो असतो सत्तर टक्के. सगळ्यात फसवा पाठीमागून, सहाकडून येणारा. तो जरासा वळला की कधी डावीकडे ढकलतो, कधी उजवीकडे.

आणि ढकलतो तरी किती? ७.६२ मिलिमीटरच्या रायफलची गोळी घ्या. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ती ३०० मीटरवर साधारण वीतभर सरकते. ६०० मीटरवर पाऊण मीटरच्या वर. ९०० मीटरवर दोन मीटरच्याही पुढे. अंतर दुप्पट झालं की सरकणं चौपटीच्या आसपास, कधी जास्तच. हवेच्या विरोधामुळे गोळीला जो उशीर होतो, त्या उशिरावर हे ठरतं, आणि वेग उतरत जाईल तसा उशीर झपाट्यानं वाढतो.

जवळच्या अंतरावरही सुटका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराचं, कांस्य जिंकलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. सेकंदाला एक मीटर एवढी मंद आडवी झुळूकही त्या प्रकारातली छोटी गोळी अर्धा सेंटिमीटरभर हलवते. म्हणून रेंजवर १० आणि ३० मीटरवर कापडी पट्ट्या लावतात. साधारणपणे जवळच्या पट्टीला जास्त मान द्यावा: सुरुवातीलाच वळलेली गोळी ते वळण शेवटपर्यंत नेते.

[दृश्य: दुपार. तापलेला कातळ, दुर्बिणीतून दिसणारी थरथरती हवा.]

ऊन चढल्यावर दुर्बीण कामाला येते. फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणला की तापलेल्या हवेच्या लाटा दिसतात. नेमबाज त्याला मिराज म्हणतात. लाटा सरळ वर उकळत असतील, तर वारा पडलेला आहे किंवा नजरेच्या रेषेतच वाहतोय. एका बाजूला कलल्या, तर वारा तिकडे चाललाय. पार आडव्या झाल्या की वेग वाढलाय, आणि त्यापुढे मिराज वेग सांगत नाही. पुन्हा गवताकडे वळायचं.

खळ्यावर ज्वारीला वारं देणारी बाई झुळूक येईपर्यंत पाटी कलती करत नाही. नेमबाजाचंही तसंच. येणाऱ्या प्रत्येक झोताला साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, फिरवत बसण्यापेक्षा, पुन्हापुन्हा येणारा एक वारा निवडायचा, साइट त्याला लावायची आणि तो येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवायचं. वेळेचं बंधन असतं, म्हणून तो वारा किती वेळ टिकतो आणि किती वेळानं परततो, हेही लिहून ठेवावं लागतं. पोरांच्या वहीत आज त्यासाठी नवा रकाना आखलाय.