इंजिन बंद केल्यानंतरची पंधरा मिनिटं

(दृश्य: आंभोरा. वैनगंगेचं रुंद पात्र, काठाकडे येणारी नाव.)

विदर्भातल्या आंभोऱ्याजवळ कन्हान नदी वैनगंगेला मिळते. खाली गोसीखुर्दचं धरण. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, पुढे पाणी अडलं आणि इथल्या नदीचा तलाव झाला. वल्ह्यावर डोंगा हाकत मासे धरणाऱ्या ढिवरांना आता जाळ्यापर्यंत जायलाच मोठं पाणी कापावं लागतं. म्हणून काही नावांच्या मागे इंजिन बसलं. लहानसंच, दोरी ओढून सुरू होणारं, पेट्रोलवर चालणारं. पण त्यात घातलेला पैसा मासे विकून उभा केलेला असतो, आणि अशा इंजिनाचे निम्मे आजार ते बंद असताना जडतात.

(दृश्य: नाव काठाला लागते. हात पेट्रोलच्या नळीकडे जातो.)

काठ आला की गिअर न्यूट्रलला घ्यायचा, डब्याची नळी इंजिनापासून काढायची आणि इंजिन हळू चालू ठेवायचं. थोड्या वेळात आवाज किंचित चढतो, अडखळतो आणि इंजिन आपोआप बंद पडतं. कार्बोरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं, पेट्रोल संपलेलं असतं. उद्या सकाळी पुन्हा निघायचं असेल तर एवढंही करायची गरज नाही. पण आठ-पंधरा दिवस नाव निघणार नसेल, तर हे टाळू नये.

टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. ते कोरडं होईपर्यंत चालवलं तर शेवटी तेलही कमी पडतं. म्हणून कार्बोरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत उतरवून घेणं जास्त चांगलं. पेट्रोलचा एक थेंबही नदीत जाऊ द्यायचा नाही. हेच पाणी गावं पितात.

एवढी काळजी कशाला? आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या वर आणि इंजिन टिनाच्या शेडमध्ये. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. तो थर तिथे बसला की दोरी ओढून खांदा दुखतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. डब्यातलं पेट्रोलही महिनोन्‌महिने तसंच ठेवू नये. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करून डबा सावलीत, चुलीपासून लांब ठेवावा.

(दृश्य: इंजिन उभं, खालच्या दांड्यातून पाणी ठिबकतंय.)

इंजिन नावेवरून काढायच्या आधी उभंच धरायचं. ते नदीचंच पाणी आत ओढून थंड राहतं, आणि त्यातलं बरंच आत उरलेलं असतं. काठावरचे म्हातारे काका पोराला दटावतात, “पानी पुरं निगू दे, मंग उचल.” बरोबर सांगतात. नाव पुढे ढकलणारा खालचा पंखा वर आणि इंजिनाचं डोकं खाली करून ते खांद्यावर टाकलं, तर उरलेलं पाणी धुराच्या वाटेने सिलेंडरमध्ये उतरतं. पिस्टनच्या रिंगांना गंज चढतो. म्हणून नेताना डोकं नेहमी पंख्यापेक्षा वर. आडवं ठेवायचंच झालं, तर कंपनीने खूण केलेल्या बाजूवरच. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळं भरलेलं असतं; ते चुकीच्या बाजूला निजवलं की तेल भलतीकडे जातं.

(दृश्य: जवळून. पंख्याची पिन निघते.)

आता पंखा. पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा, पंखा बाहेर. मागे दांड्याला हे काय गुंडाळलंय? जाळ्याचा नायलॉनचा धागा. फिरून फिरून इतका घट्ट झालाय की नखाने निघत नाही, ब्लेडने कापावा लागतो. हाच धागा आतलं रबरी सील कापतो, आणि तिथून पाणी गिअरच्या तेलात शिरतं. खालचा स्क्रू उघडल्यावर तेल दुधासारखं पांढरट निघालं, तर सील गेलंच समजा. निरोगी दिसलं तर दांड्याला ग्रीस लावून पंखा परत.

या पाण्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, आणि नाग नदीने कन्हानेत आणून सोडलेली नागपूरची घाणही आहे. त्यामुळे पाणी ओढण्याची जाळी रोज बोटाने साफ करावी. मोठ्या विश्रांतीआधी इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालवावं. ड्रमबाहेर, कोरडं, कधीच नाही. आतला रबरी इम्पेलर, म्हणजे थंड करणारं पाणी ओढणारं चाक, काही क्षणांत जळतो. नंतर स्पार्क प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, दोरी दोन-तीनदा हलकेच ओढायची, प्लग परत बसवायचा.

(दृश्य: शेडमध्ये लाकडी घोड्यावर उभं इंजिन.)

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरात पाणी शिरलं, नदीकाठची गावं वेढली गेली. अशा वेळी माणसं काढायला जाणाऱ्या बोटींवर याच जातीची इंजिनं असतात. मासे धरणाऱ्याचं इंजिन दर आठवड्याला चालतं, बचावाचं मात्र एका पुरापासून दुसऱ्या पुरापर्यंत पडून राहतं. म्हणून त्याची तपासणी मे महिन्यातच व्हायला हवी. ताजं पेट्रोल भरावं, ड्रममध्ये सुरू करावं आणि मागच्या छिद्रातून पाण्याची धार येते का ते बघावं. आली नाही, तर वाट तुंबली आहे किंवा इम्पेलर गेला आहे. तो तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. मागवायला लागणारे दिवस पावसाआधीच हातात असतात.