‘सगळं खातो’ म्हणजे नेमकं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दातांच्या दवाखान्यात आम्ही पुष्कळ गोष्टी मोजतो. हिरडी दातापासून किती सुटली, दाढेचं मूळ किती लांब आहे, कीड कुठवर पोचली. दात ज्यासाठी असतात ते चावणं मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा विचारण्यावरच भागतं. “चावता येतं ना?” “हो, सगळं खातो.” संपलं!

कवळी लावणाऱ्या एका काकांना मी पुढे विचारलं, “भाकरी कशी खाता?” म्हणाले, “दुधात कुस्करून.” शेंगदाणे? “कूट करून.” पेरू? यावर काकूच बोलल्या, “पेरू आमच्याकडे आणतच नाहीत आता.” काका काही खोटं बोलत नव्हते. माणूस चावेल तेवढंच ताटात घेतो, आणि मग ताटातलं सगळं त्याला चावता येतं. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना काय खाता हे विचारू नका, काय खायचं सोडलंत ते विचारा.

आता मोजायचं कसं? मला आवडते ती चाळणीची रीत. मॅन्ली आणि ब्रेली या संशोधकांचा तिच्यावरचा 1950 सालचा निबंध आजही अभ्यासक धुंडाळतात. ठरावीक वजनाचे शेंगदाणे द्यायचे, ठरावीक वेळा, समजा 20 वेळा, चावायला सांगायचं आणि न गिळता वाडग्यात थुंकायला लावायचं. मग चूळ भरायची, तीही वाडग्यातच. कवळी असेल तर काढून तिच्याखाली अडकलेले कण धुऊन घ्यायचे. सगळं चाळणीवर पाण्यानं धुवायचं, वाळवायचं आणि तोलायचं. चांगल्या दाढांचा ऐवज बारीक कुटासारखा खाली उतरतो, कमजोर दाढांचा वरच राहतो. काम किळसवाणं आहे खरं, पण हिशेब चोख.

अडचण एकच. शेंगदाणा कधी खमंग भाजलेला असतो, कधी सादळलेला. म्हणून संशोधकांनी सिलिकोनचे 5.6 मिलिमीटरचे ठोकळे वापरायला घेतले. कवळीवाल्यांना ते फुटेनात, तेव्हा त्यात टूथपेस्ट, व्हॅसलिन आणि प्लॅस्टर मिसळून मऊ केले. अशा पाककृतीही आमच्या शास्त्रात असतात!

जपानी लोकांनी ही कटकट बरीच सोपी केली. 2 ग्रॅमची एक गोड जेली 20 सेकंद चावायची. मग 10 मिलिलिटर पाणी तोंडात घेऊन सगळंच गाळणीवर सोडायचं, आणि खाली आलेल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजायचं. यंत्र साधारण आपल्या घरच्या साखर तपासायच्या यंत्रासारखंच. जेलीचे तुकडे जितके बारीक, तितकं ग्लुकोज जास्त सुटतं. आकडा डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर चावण्याची ताकद घटली असं धरतात. मुखाची कार्यक्षमता घटणं हे निदान 2018 पासून तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात बसतं. त्याच्या 7 लक्षणांपैकी चावणं हे एक, आणि 3 लक्षणं जुळली की निदान पक्कं.

तिसरी रीत दोन रंगी च्युइंगमची. 20 वेळा चावून झालं की गोळी दाबून चपटी करायची आणि दोन्ही बाजूंचं चित्र घ्यायचं. रंग किती मिसळले ते संगणक सांगतो. यात दाढांइतकीच जीभ आणि गाल यांचीही परीक्षा होते, कारण घास दाढांखाली परत परत ढकलायचं काम त्यांचं.

या मोजमापांतून एक गोष्ट अशी दिसली, जी मला आधी खरी वाटली नसती. दाढा गेल्या की माणूस जास्त वेळ चावून भरपाई करत असेल, असं आपण धरून चालतो. पुष्कळ जण तसं करत नाहीत. त्यांची गिळण्याची लय ठरलेली असते. दाढा असोत नसोत, त्या लयीत ते गिळतात, म्हणजे मोठाले तुकडेच पोटात जातात. स्वतःला मात्र छान चावता येतं असं वाटत असतं. वाटणं आणि मोजणं यांचा मेळ फारसा बसत नाही.

पूर्ण कवळीचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका असतो. त्यात खालची कवळी जास्त हलते. म्हणूनच 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खालच्या जबड्यात सगळे दात गेले असतील तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या खुंट्यांवर, अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय असावा. खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे तो सगळ्यांना पेलणारा नाही. पण साधी कवळीही मोजूनमापून सुधारता येते. बसवल्या दिवशी मोजू नये. जिभेला आणि गालांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर नीट टेकतात का ते डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. पुष्कळदा तेवढं घासून जुळवलं, की नवी कवळी करावीच लागत नाही.

नमस्कार.