खोली नको, ताट द्या

(कोल्हापुरातल्या एका सेवा क्लबच्या साप्ताहिक सभेत एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष, सेक्रेटरी, आणि दिवसभर कारखाना, दुकान, दवाखाना सांभाळून इथं आलेले सगळे सभासद,

मला दिलेला विषय 'महाविद्यालयाची प्रगती' असा आहे. सेक्रेटरींचा निरोप होता, सर, फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन या, प्रोजेक्टर लावून ठेवतो. फोटो आणलेले नाहीत. नवी इमारत तुम्ही येता-जाता बघताच. तिचं लोखंड आणि खिडक्या या हॉलमधल्याच काही जणांनी पुरवल्यात, तेव्हा तिची उंची मी तुम्हाला काय सांगू? अर्ध्या तासातली पाच मिनिटं माझ्या परिचयात गेली. उरलेल्या वेळात, त्या इमारतीत काय वाढलं आणि काय वाढायचं राहिलं, एवढंच बोलतो.

कोल्हापूरला कॉलेज नवं नाही. राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकले. पण कॉलेज झालं म्हणून खेड्यातला पोरगा लगेच कॉलेजात आला, असं झालं नाही. फीचा प्रश्न होताच. त्याहून अवघड प्रश्न होता तो राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं याचा. ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून, म्हणजे रोज एका घरी, जेवता यायचं, शहरात कुणी ना कुणी ओळखीचं निघायचं. भुदरगडातल्या कुणब्याच्या पोराला इथं कोण वाढणार? आणि ज्याची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्याचं तर बोलायलाच नको.

शाहू महाराजांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं. ते साधलं नाही. मग ज्या त्या समाजाला हाताशी धरून त्यांनी बोर्डिंगं उभी केली. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९२० ला प्रिन्स शिवाजी. आजही दसरा चौकात उभं राहिलं की यातली काही नजरेच्या टप्प्यात येतात. आपण रोज तिथून गाडी काढतो, सिग्नलवर वैतागतो आणि पुढं जातो.

यातल्या तारखांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मागास समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ चा. म्हणजे पहिली बोर्डिंगं आधी आणि नोकरीतल्या राखीव जागा नंतर. राखीव जागेवर बसायला शिकलेला माणूस लागतो, शिकायचं तर शहरात टिकावं लागतं, आणि टिकायचं तर दोन वेळा पोटात काहीतरी जावं लागतं. महाराजांनी हिशोब शेवटाकडून सुरुवातीकडं मांडलेला दिसतो.

कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आले ते जैन बोर्डिंगमध्येच राहिले. पुढं १९१९ ला त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं १९४७ ला. आधी राहण्या-जेवणाची सोय आणि वीसेक वर्षांनी कॉलेज! आज आम्ही शिक्षणसंस्थावाले बरोबर उलटं करतो. आधी कॉलेजची कमान उभारतो, मग पार्किंग, मग सभागृह. वसतिगृह 'पुढच्या टप्प्यात' असतं. हा पुढचा टप्पा म्हणजे कुठलं वर्ष, ते मी इतकी वर्षं संस्थेत असूनही मला कुणी सांगितलेलं नाही.

मधला इतिहास तुमच्या डोळ्यांदेखतचा आहे, भरभर सांगतो. १९५४ ला बापूजी साळुंखे यांनी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, दहा वर्षांनी विवेकानंद कॉलेज आलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. सोलापूरही तेव्हा आपल्याच विद्यापीठात होतं, तरी सगळी मिळून कॉलेजं ३४ आणि विद्यार्थी चौदा हजारांच्या आसपास. आता सोलापूर वेगळं होऊन, कोल्हापूर, सांगली, सातारा या तीनच जिल्ह्यांत अडीचशेच्या वर कॉलेजं आहेत. १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच सुमाराला आपल्याकडंही इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रींना इथलाच पोरगा इंजिनिअर म्हणून मिळायला लागला. ही वाढ खरी आहे, तिला नावं ठेवायला मी आलेलो नाही.

तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना एसटीनं येणारे डबे आठवत असतील. सकाळच्या गाडीच्या टपावर किंवा ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग, प्रत्येकाला फडकं बांधलेलं, फडक्यावर नाहीतर झाकणावर नाव. आत भाकरी, झुणका, खर्डा, कधी वांगं. पोरगं स्टँडवर येऊन आपला डबा हुडकायचं आणि कालचा धुतलेला परत गाडीत ठेवायचं. कंडक्टर पैसे घ्यायचा नाही, घेतलेच तर नावाला. कितीतरी डॉक्टर आणि वकील या डब्यावर झाले. त्या काळी कोल्हापुरातल्या कॉलेजांची मेस आईच्या चुलीवर चालायची आणि तिचा खर्च कुठल्याच ताळेबंदात यायचा नाही.

आता आजचं सांगतो. आमच्याकडं बीएस्सीला गगनबावड्याच्या बाजूची एक मुलगी आहे. दुपारच्या बॅचला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असतं. टायट्रेशन म्हणजे बुरेटचा कॉक जेमतेम उघडून थेंब-थेंब सोडायचा, दुसऱ्या हातानं फ्लास्क फिरवायचा, खाली पांढरी टाइल. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की रीडिंग घ्यायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं गुलाबी होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. एकसारखी तीन रीडिंग यायला हवीत. ही मुलगी दोन घेते. तिसऱ्याच्या वेळी तिचं लक्ष बुरेटवर नसतं, भिंतीवरच्या घड्याळावर असतं, कारण गावात मुक्कामाला जाणारी एसटी रंकाळा स्टँडवरून सुटते आणि ती चुकली तर त्या रात्री दुसरी नाही. जर्नलमध्ये मात्र तिन्ही आकडे तंतोतंत. केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाला तिसरा आकडा कुठून आला ते विचारावं लागत नाही. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याचा मार्गच बंद. मग जुलै-ऑगस्टची तिची हजेरी बघायची आणि नियमावर बोट ठेवून तिला फॉर्म भरू द्यायचा नाही, असं मला करता येत नाही. परीक्षा विभागाला हे कसं पटवतो, ते इथं सांगत नाही.

तिची अडचण फीची नाही. अनुदानित बीएस्सीची फी फार नसते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतही आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची फी २०२४ पासून शासन भरतंय. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. शासनानं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. पण शहरात खोली घ्यायची तर भाडं, आणि वर दोन वेळच्या मेसचे महिन्याला अडीच-तीन हजार. म्हशीचं दूध डेअरीला घालून घर चालवणारा बाप इथं थांबतो. 'पोरगी हुशार आहे सर, पण घरनंच येऊन-जाऊन करू दे,' म्हणतो. त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, प्राचार्यानं क्लबात सांगायची नसते अशी. बिल्डिंग वाढली, विषय वाढले, पण मंजूर पदांवरचा माणूस निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. तिथं तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, पोरं-पोरी शिकवतात. प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट-सेट परीक्षा झालेली, पीएचडी झालेली. मानधन तासावर, तेही उशिरा. ती दुपारी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटरसायकल पळवतात. म्हणजे ती मुलगीही घड्याळाकडं बघते आणि तिला शिकवणारी मॅडमही. तो प्रश्न तुमच्या हातातला नाही, म्हणून सोडून देतो.

आता तुमच्या हातातलं. दरवर्षी एखादा क्लब आम्हाला विचारतो, सर, काय देऊ? कॉम्प्युटर, बेंच की वॉटर कूलर? आमच्या पॅसेजमध्ये असाच एक कूलर आहे. दात्यांच्या नावांचा फलक अजून झळकतो, कूलर केव्हाचा बंद आहे. तुमच्या क्लबचा नाही तो. असता तरी सांगितलं असतं. यात कुणाची दानत कमी आहे असं नव्हे. तुमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, ३० जूनला संपतं, अध्यक्ष बदलतो. त्याच्या वर्षात सुरू होऊन त्याच्याच वर्षात फोटोसह पुरी होणारी गोष्ट त्याला सोयीची पडते. डिग्रीला तीन वर्षं लागतात, नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्स केलं तर चार. म्हणजे एका मुलीला किमान तीन अध्यक्ष लागतात. आणि जेवणाचा फोटो काय काढणार? रोजचं वरण-भात-भाकरीच असणार.

आमच्या जुन्या इमारतीतल्या खोल्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायला संस्था तयार झालीय. खाटा आहेत, नळ आहे, दाराला चांगलं कुलूप आहे. चूल नाही. कसबा बावड्याच्या बाजूच्या बचत गटाच्या बायका स्वयंपाकाला यायला तयार आहेत, भाकरी हातानं थापून देणाऱ्या. मला क्लबकडून खोलीवर नाव नको, तीन वर्षांचं ताट हवंय. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांनी धान्य आणि गूळ दिला, डॉक्टर मंडळींनी वर्षातून दोनदा येऊन मुलींचं हिमोग्लोबिन बघितलं, तर रोख रक्कम बरीच खाली येते. मेसचं खातं कॉलेजच्या खात्यात मिसळणार नाही. चेकवर वॉर्डनबरोबर तुमच्या एका सभासदाची सही राहील, आणि तो सभासद तीन वर्षं बदलायचा नाही, एवढी माझी अट. मुली फुकट जेवणार नाहीत. ज्या घराला जेवढं झेपतं तेवढं ते घर देईल, ते बापांशी बोलून ठरवलंय.

प्रवेश जूनमध्ये सुरू होतात आणि तुमचा कारभार जुलैत नव्या हातात जातो, तेव्हा ठराव करायचा तर त्याआधी झालेला बरा. खर्चाचा कागद सेक्रेटरींकडं दिलाय. त्यात ज्वारीचा आणि तेलाचा भाव आजचा धरलाय. जूनमध्ये तो राहणार नाही, हे इथल्या व्यापारी सभासदांना मी सांगायला नको.