दोघांच्या घरात डाळ घट्ट शिजवा

नमस्कार मंडळी. आज दोन माणसांच्या स्वयंपाकाबद्दल बोलू. पोरं शिकायला बाहेरगावी गेली, किंवा लग्न नवं आहे. घरात नवरा-बायको दोघंच. दिवसभर वावरात राबून आल्यावर चूल पेटवायची. त्यात दूध, अंडी, मटण कमी करून धान्य, कडधान्य आणि भाजीपाल्यावर भागवायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: अंगात ताकद कुठून येणार?

डाळीतून येणार. पण त्यासाठी डाळ ताटात दिसली पाहिजे. आपल्या वर्धा-यवतमाळकडं वरण रोज होतं, पण कसं होतं? मूठभर डाळ, गंजभर पाणी, आणि पोट भरतं ते भातानं. तूर आपण पिकवतो आणि ताटात मात्र तिचं पाणी घेतो, हे मला खरंच पटत नाही.

जरा हिशेब करू. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास असतात. दोघांच्या एका जेवणाला एवढी डाळ शिजवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ११ ग्रॅम येतात. सोबत ज्वारीच्या दोन भाकरी घेतल्या, तर आणखी १२-१३ ग्रॅम. दोन्ही वेळा असं जेवलात, की दिवसाची गरज जवळपास भागली. आणि डाळ-भाकर एकत्र का? ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं, ते ज्वारी देते.

आता रोज वरण खाऊन कंटाळा येणारच. म्हणून आज गोळाभात. (परात कॅमेऱ्यासमोर) हा हरभऱ्याच्या डाळीचा भरडा. रव्यासारखा जाडसर हवा, बेसन चालत नाही, बेसनाचे गोळे चिकट होतात. दोघांना एक वाटी पुरे. त्यात हळद, तिखट, हिंग, ओवा, मीठ आणि दोन चमचे कडकडीत फल्ली तेल. तेल भरड्याला नीट चोळून घ्या, मग पाण्याचा हात लावत घट्ट भिजवा. थोडा वेळ झाकून ठेवलं की भरडा पाणी पितो. मग निंबाएवढे गोळे मुठीत दाबून वळायचे.

तिकडं भात टाकलेला आहे. (गंज वळवून) हे बघा, पाणी तांदळाच्या बरोबरीला आलं, वर बारीक भोकं दिसायला लागली. गोळे ठेवायची वेळ हीच. आधी ठेवले तर पाण्यात फुटतात, उशीर केला तर आतून कच्चे राहतात. झाकण ठेवा, जाळ मंद करा. झाल्यावर एक गोळा फोडून बघा, मधला भाग मोकळा सुटला पाहिजे. ताटात भातावर गोळा कुस्करायचा, वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची गरम फोडणी, बाजूला चिंचेचं सार. दुधा-तुपाचा थेंब नाही, आणि ही आपल्या आज्यांचीच रीत आहे.

आता कामाची वाटणी. आमच्या घरी ती भाकर थापते तेव्हा फोडणी माझी, आणि मी भाकर थापतो तेव्हा रस्सा तिचा. दोघंही शेतातून दमून आले, तर स्वयंपाक एकट्या बाईच्या अंगावर का? मन लावून हात फिरवला तर पुरुषाची भाकरही फुगते. कडधान्य जो सकाळी आधी उठेल त्यानं भिजत घालावं.

सोयाबीनचं मात्र नीट ऐका. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी जेवणात सोयाबीन आणून बघितलं होतं. आपल्याकडं आज ते वावरभर पिकतं, आणि जवळजवळ सगळं बाजारात जातं. घरी खायचं तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि दाणा बोटात पूर्ण दबेपर्यंत शिजवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, शिजवल्यावर त्यांचा जोर जातो. आणि पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं उरलं, तर ते कधीच, कितीही धुवून, खायचं नाही.

एखाद्या घरात एकाला मटण लागतंच. धुळवडीचं मटण बंद करा असं मी म्हणत नाही. पण जी तर्री आपल्याला आवडते, तिच्यातली खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरे यांत प्राण्याचं काहीच नाही. तोच मसाला भाजून, वाटून बरबटीला (चवळीला) किंवा सोयाबीन वडीला लावा. तेल सुटेपर्यंत परता, घाई करू नका. वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. जेवताना निंबू पिळायला विसरू नका, त्यानं डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी मिळतं, म्हणून चहा तासाभरानं घ्या. जवसाची चटणीही रोज चमचाभर असू द्या. ओमेगा-३ प्रकारची चरबी मिळण्यासाठी जवसासारखी स्वस्त वस्तू आपल्या भागात दुसरी नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसणार. ब-१२ हे जीवनसत्त्व डाळ, भाजी, धान्य यांतून मिळत नाही. दूध-दही थोडं चालू ठेवणार असाल, तर त्यातून काही मिळतं. पण दूध, अंडी, मांस सगळंच सोडणार असाल, तर डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी दोघांनीही सुरू करा. हातापायाला मुंग्या येणं, सतत थकवा, अशी लक्षणं असतील तर रक्त तपासून घ्या. घरात बाई गरोदर असेल, तर जेवणात बदल करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळत नाही, तेव्हा वाळवण कामी येतं. पुढच्या व्हिडिओत मुगाचे सांडगे टाकून दाखवतो. सोबत करायचे असतील तर पाव किलो मुगाची डाळ, लसूण, जिरं आणि लाल मिरची आणून ठेवा. डाळ आदल्या रात्री भिजवायची आहे.