बाजदाराची सुई

श्रोतेहो, नमस्कार. बाज, ससाणे आणि शिक्रे यांना माणसाळवून त्यांच्याकरवी शिकार करण्याच्या विद्येला बाजदारी म्हणतात. एखादा अभ्यासक या विद्येच्या वस्तू आणि हस्तलिखिते आयुष्यभर जमवतो, तेव्हा त्या संग्रहाचे मोल कशात असते, याविषयी मी आज बोलणार आहे. माझे मत आरंभीच सांगते. वस्तू आणि पोथी एका छताखाली असण्यातच ते मोल आहे. त्यांची ताटातूट झाली की दोन्ही मुक्या होतात.

एका सुईचेच उदाहरण घेऊ. ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी असते. दोन्ही टोके निमुळती, अंग गोल नसून तीन धारांचे, आणि नेढे मुळीच नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीत अशी वस्तू ‘लोखंडी टोचा’ एवढ्याच नावाने वर्षानुवर्षे पडून राहू शकते. तिचा उपयोग कळतो तो बाजदारीच्या ग्रंथांतून. शिकारी पक्ष्याच्या पंखाचे पीस मोडले की त्याचे उडणे बिघडते. अशा वेळी बाजदार जपून ठेवलेले, गळून पडलेले पीस मापाने कापून घेई, सुईचे अर्धे अंग पक्ष्याच्या मोडक्या पिसाच्या दांड्यात आणि उरलेले अर्धे नव्या तुकड्यात खुपसून दोन्ही तुकडे जोडी. तीन धारांमुळे जोडलेले पीस स्वतःभोवती फिरत नसे. आणि सुई आधी मिठाच्या पाण्यात किंवा शिरक्यात बुडवलेली असल्यामुळे ती आतल्या आत गंजून घट्ट धरून राही. म्हणजे जो गंज आपण घासून काढू, तोच या कारागिरीचा पुरावा असू शकतो. हे ज्याने वाचलेले नाही, तो भल्या हेतूनेच हा पुरावा पुसून टाकील.

पक्ष्याच्या पायात बांधायच्या घुंगरांचेही तसेच आहे. झाडीत दिसेनासा झालेला पक्षी त्यांच्या आवाजावरून शोधत. इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या ‘सेंट ऑल्बन्सच्या पुस्तका’त, जोडीतल्या दोन घुंगरांच्या नादात अर्ध्या स्वराचे अंतर असावे, असे सांगितले आहे. जोडी फुटली आणि एकच घुंगरू हाती राहिले, तर हे अंतर कोणाच्या कानाला कळणार?

ग्रंथांची परंपरा तर फार मोठी आहे. आपल्या दख्खनेत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, श्येनविनोदाला, म्हणजे बाज-ससाण्यांकरवी केलेल्या शिकारीला, जागा दिली आहे. युरोपात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात या विद्येवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याची स्वतःची देखणी प्रत १२४८ साली पार्मा शहरापुढच्या पराभवात गमावली गेली. पण त्याचा मुलगा मॅनफ्रेड याने तयार करवलेली, स्वतःची भर घातलेली सचित्र प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. पक्ष्याचे डोळे झाकणारी चामड्याची टोपी पौर्वात्यांकडून आली, हे फ्रेडरिकने मोकळेपणाने नोंदवले, याचे मला फार कौतुक वाटते.

कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचे संस्कृत ‘श्यैनिकशास्त्र’ हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित करून १९१० साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केले. त्यात शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग केले आहेत: काळ्या डोळ्यांचे कृष्णाक्ष आणि तांबूस डोळ्यांचे पाटलाक्ष. फारसी बाजनाम्यांतही, म्हणजे बाजदारीवरच्या ग्रंथांतही, डोळ्यांच्या रंगावरूनच वर्गवारी आढळते. बहिरी ससाणा पहिल्या वर्गातला, शिक्रा दुसऱ्या. आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या झाडीत शिक्रा दिसला, तर त्याच्या डोळ्यांकडे जरूर पाहा.

याच सुमारास, १९०८ साली, फिलॉट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ‘बाजनामा-इ-नासिरी’ या फारसी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याला फारसी उत्तम येत असे, आणि तो स्वतः बाज बाळगून शिकारही करी. त्यामुळे अनुवादाखालच्या त्याच्या टिपांना निव्वळ कोशाचा नव्हे, तर हातच्या अनुभवाचा आधार आहे. उत्तम संग्राहकाकडे मला हीच दुहेरी नजर अपेक्षित आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात शिकारी पक्षी पकडणे आणि बाळगणे बंद झाले, आणि ते योग्यच झाले. मात्र आता विचारायला बाजदार उरला नाही. साक्ष उरली ती वस्तूंची आणि पोथ्यांची. आपल्या नागपुरात १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपण त्याला अजब बंगला म्हणतो. जुन्या पोथ्या तर विदर्भात कितीतरी घरांत आहेत. तुमच्या घरी जुन्या शिकारीचे सामान निघाले, तर पितळ घासू नका, चामड्याला तेल लावू नका. सोबतचे मोडीतले किंवा फारसीतले कागद रद्दीत न देता त्याच पेटीत ठेवा, आणि ते सामान कोणाचे, कोठून आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून आत घाला. पेंढा भरलेला पक्षी किंवा पिसे असतील, तर आधी वन विभागाला कळवा.