चौसष्ट ठोके

(दृश्य : पहाट. बाभळीच्या फांदीला गुलाबी फीत बांधणारे हात.)

आमच्या घोड्यांच्या शर्यतीची वाट दाखवणाऱ्या या फितीचा रंग ठरवण्यात आमच्या दोन बैठका गेल्या. भगवी नको, कन्नड झेंड्याची लाल-पिवळी नको. का, ते सीमाभागात, निपाणीच्या आसपास राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेवटी कोणीतरी गुलाबी म्हणालं, आणि गुलाबीला विरोध करायला कोणाकडं मुद्दाच नव्हता.

वाट चाळीस किलोमीटरची, वीस-वीसचे दोन फेरे. घोड्यावर बसलेला माणूस नकाशा उलगडत बसत नाही, फितीच्या भरवशावर घोडा सोडतो. म्हणून आदल्या दिवशी आम्ही सात स्वयंसेवक वेदगंगेच्या काठानं, उसाच्या बांधाबांधानं फिती बांधत फिरलो. संध्याकाळी परत बघतो तर एका वस्तीपासून पुढचा सगळा पट्टा साफ.

फिती काढल्या होत्या एका काकांनी. रागानं नाही, भीतीनं. "मोजणीवाले आले म्हटलं. रस्ता जातोय काय आमच्या शेतातनं?" बायपाससाठी जमिनी गेल्याच्या गोष्टी बेळगावकडनं त्यांच्याही कानावर आल्या होत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढल्या असत्या. बांधावर बसून सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोडी पळणार व्हय? मग गाडी कुठाय?"

(दृश्य : कच्चा रस्ता, एकटा घोडेस्वार, मागं धुरळा.)

त्यांचंही बरोबरच. चिकोडी, रायबाग, अथणीकडं जत्रा म्हटली की घोडागाडीची शर्यत आलीच. चाबूक, शिट्ट्या, मागनं मोटरसायकली, आणि बघता बघता निकाल. आमची होती ती एन्ड्युरन्स, म्हणजे दमाची शर्यत. १९५५ साली अमेरिकेत वेंडेल रोबी नावाच्या माणसानं लेक टाहोपासून ऑबर्नपर्यंत, डोंगर ओलांडून शंभर मैल एका दिवसात घोड्यावरून काढले. त्यातनं टेव्हिस कप सुरू झाला, तो आजही चालतो. जगभरात मोठ्या स्पर्धा १६० किलोमीटरपर्यंत जातात. आमची चाळीसची, म्हणजे अगदी बालवाडी. पण नियम तेच, आणि त्यातला मुख्य नियम घोडा पळवण्याचा नाही, थांबवण्याचा आहे.

(दृश्य : तपासणीची जागा. बादल्या, कळकाचं कुंपण, मांडवाखाली घड्याळ.)

पहिला फेरा संपवून घोडा आत आला तरी त्याचं घड्याळ चालूच राहतं. त्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला ६४ वर उतरले की मग ते थांबतं. ठरलेल्या मिनिटांत उतरले नाहीत, तर घोडा बाद. त्यामुळे शहाणा स्वार शेवटचा अर्धा किलोमीटर घोडा चालवत आणतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा हरायलाच आलाय.

माझं काम ठोके मोजायचं. घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागं, तंग आवळतात त्या जागी स्टेथोस्कोप धरायचा. लब आणि डब मिळून एक ठोका. नवखा माणूस दोन मोजतो आणि मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, शिव्या खातो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. सोळा आले, चौसष्ट, आत या. सतरा आले, अडुसष्ट, बाहेर थांबा. मध्येच माशी बसते, कातडी थरथरते आणि कानात नुसता खरखराट. परत पहिल्यापासून.

एक लाल घोडी साठावर येऊन शांत उभी होती. तेवढ्यात ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आणि पूर्ण आवाजात गाणं. घोडीचे कान ताठ, ठोके ऐंशीच्या वर. तिच्या स्वार पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू ट्रॅक्टर मीच चालवत होतो. त्यानंतर आमचा एक गडी दिवसभर रस्त्यावर उभा, फक्त ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून गाणी बंद करायला लावायला. कामाच्या यादीत हे काम कुठंच नव्हतं.

(दृश्य : घोड्याच्या मानेवरून ओघळणारं पाणी.)

काका दुपारपर्यंत आमच्यातच होते. गार पाणी ओतताना बघून मात्र ओरडले, "तापल्या घोड्यावर गार पाणी? आखडंल की जनावर!" ही समजूत फक्त इकडची नाही, जगभर होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी उकाड्यातल्या घोड्यांवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की गार पाण्यानं घोड्याला अपाय होत नाही, उलट तो लवकर निवतो. मात्र अंगावरचं पाणी तापतं, म्हणून एकानं ओतत राहायचं, दुसऱ्यानं निपटत राहायचं. काकांना काही पटलं नाही. पण बादली भरून त्यांनीच दिली.

ठोके झाले की डॉक्टर. हिरडी बोटानं दाबून रंग किती लवकर परततो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाचा आवाज ऐकतात, शेवटी हातात धरून दुडक्या चालीनं पळवतात. लंगडला की संपलं. डॉक्टर कानडीत बोलणार, खुणा इंग्रजीत सांगणार, कार्ड लिहिणारी आमची पोरगी मराठी. तिनं घोडा क्रमांक १ लिहिला आणि पुढच्या टेबलावर तो नऊ म्हणून वाचला गेला. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला सख्खे भाऊ! नऊ नंबरचा घोडा तेव्हा अजून नदीकाठीच होता. त्यानंतर सगळे आकडे इंग्रजीत.

(दृश्य : संध्याकाळ. बाभळीवरून फिती सोडवणारे हात.)

शेवटचा घोडा तपासून झाला की फिती परत काढायच्या, एकही रानात सोडायची नाही. मोजल्या तर सहा कमी. काकांच्या गोठ्यात गेलो. जत्रा जवळ आली होती. सहाही फिती बैलांच्या शिंगांना बांधलेल्या, एका शिंगाला दोन-दोन, चौथं शिंग अजून मोकळं.

"आणि दोन हाईत का?" काकांनी विचारलं.