सेनेदचे ९६ सदस्य आणि आपले एक मत

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि संक्रांतीच्या मेळाव्यासाठी कार्डिफमध्ये जमलेल्या सर्वांना माझा नमस्कार.

येत्या ७ मे २०२६ रोजी वेल्सच्या विधिमंडळाची, म्हणजे सेनेदची, निवडणूक आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांतल्या अनेकांचा समज असा की या निवडणुकीशी आपला संबंध नाही. तो समज चुकीचा आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे इथे रीतसर वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकाला सेनेदसाठी मत देता येते, आणि २०२१ पासून १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही तो हक्क आहे.

वेल्सला स्वतःचे सभागृह असावे का, या १९९७ च्या सार्वमतात होकाराची बाजू अवघ्या ६,७२१ मतांनी जिंकली. पहाटे कारमार्थनशरचा शेवटचा निकाल हाती येईपर्यंत नकारच पुढे होता. अशा निसटत्या कौलावर उभ्या राहिलेल्या सभागृहाला सुरुवातीला स्वतःचे कायदे करण्याची मुभाच नव्हती. लंडनच्या संसदेने केलेल्या कायद्यांखालचे नियम तेवढे ते बनवत असे. २०११ च्या सार्वमतात मतदान केलेल्यांपैकी ६३.५ टक्के लोकांनी ठरलेल्या विषयांत पूर्ण कायदे करण्याचा अधिकार दिला. एप्रिल २०१८ पासून तर मांडणीच उलटली: संरक्षण, स्थलांतर, पोलीस, न्यायव्यवस्था असे राखून ठेवलेले विषय वगळता बाकीचे सारे सेनेदच्या कक्षेत आले. भारताच्या राज्यघटनेने शेषाधिकार, म्हणजे कोणत्याही सूचीत न आलेल्या विषयांवरचे अधिकार, केंद्राकडे ठेवले आहेत, हे आठवले की या बदलाचे मोल कळते. औषधाच्या दुकानात आपण डॉक्टरांची चिठ्ठी देतो आणि पैसे न देता पिशवी घेऊन बाहेर पडतो, हा २००७ पासूनचा निर्णय याच शहरात झालेला आहे. २०१९ पासून आयकराच्या दराचा काही भागही इथेच ठरतो.

अधिकार असे वाढत गेले, सदस्य मात्र १९९९ पासून ६० च राहिले. त्यांतून मंत्री आणि सभापती वजा केले, तर सरकारला जाब विचारायला उरणारी माणसे फार थोडी, आणि त्यांतले अनेक एकाहून अधिक समित्यांवर. ८० सदस्य हवेत अशी शिफारस या सभागृहाचे अधिकार आणि निवडणूकपद्धत तपासणाऱ्या रिचर्ड आयोगाने २००४ मध्येच केली होती. म्हणून २०२४ च्या कायद्याने संख्या ९६ केली, हे मला योग्य वाटते. खर्च वाढेल हा आक्षेप खरा आहे. पण आरोग्यसेवेचा अर्थसंकल्प नीट न वाचता मंजूर झाला, तर त्याची किंमत त्याहून मोठी असते.

मतदानाची पद्धत मात्र काळजीपूर्वक समजून घ्यावी लागेल. आजवर आपल्याला दोन मते होती, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक प्रादेशिक यादीला. आता एकच मत आहे. १६ मतदारसंघांतून प्रत्येकी ६ सदस्य निवडले जातील आणि आपली फुली एका पक्षासमोर किंवा अपक्षासमोर पडेल. जागावाटप कसे होते, ते कल्पित आकड्यांवर पाहू. क पक्षाला ४०,०००, ख ला २४,०००, ग ला १५,००० आणि घ ला ९,००० मते पडली असे समजा. प्रत्येक वेळी ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याला जागा; म्हणून पहिली जागा क ला. जागा मिळाली की त्या पक्षाची मूळ मते मिळालेल्या जागांहून एक अधिक अशा संख्येने भागायची, म्हणून क चे आता २०,००० झाले; दुसरी जागा २४,००० वाल्या ख ला. तिसरी पुन्हा क ला, चौथी ग ला, पाचवी क ला, सहावी ख ला. क ला ३, ख ला २, ग ला १. घ ला दहा टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळूनही एकही जागा नाही. एका मताने पुढे असलेल्याला सगळे देऊन टाकणाऱ्या आपल्या विधानसभेच्या पद्धतीपेक्षा हे पुष्कळ न्याय्य आहे.

माझा आक्षेप पक्षाच्या उमेदवारयादीवर आहे; पक्षाला मिळालेल्या जागा त्या यादीतून वरून खाली भरल्या जातात. यादीतला क्रम पक्ष ठरवतो, आणि तिसऱ्या क्रमांकावरची व्यक्ती पहिलीपेक्षा अधिक लायक आहे असे मतदाराला कितीही वाटले, तरी त्याला तो क्रम बदलता येत नाही. उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची पद्धत रिचर्ड आयोगाने सुचवली होती, ती स्वीकारायला हवी होती असे माझे ठाम मत आहे. निवडणुकीनंतर या पद्धतीचा आढावा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्या वेळी मंडळाने आपले म्हणणे लेखी द्यावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवत आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या मतदारसंघाच्या याद्या पहिल्या नावापासून सहाव्यापर्यंत वाचाव्यात, आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे नाव मतदारनोंदणीत आहे ना, हे या आठवड्यातच पाहावे.